'कोण म्हणालं?' खेळायला पहिल्यांदा येताय? मग हे आधी वाचा

पहिल्या दिवशी माझ्या वाट्याला सात चिठ्ठ्या आल्या. प्रत्येकीवर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधलं एक वाक्य, आणि ते कुणाच्या तोंडचं ते ओळखायचं. एक अंगठीसाठी झुरणाऱ्या गॉलमची होती, ती शेंबड्या पोरालाही आली असती. उरलेल्या सहांवर मी डोळे मिटून गँडाल्फ या जादूगाराचं नाव ठोकलं. सहाच्या सहा चुकल्या. त्यातली एक तर चक्क कोल्ह्याची निघाली. आमच्यातलं सगळ्यात लहान पोरगं, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचं, गालातल्या गालात हसत म्हणालं, "ताई, कोल्हापूरची असून कोल्हा ओळखला नाहीस व्हय?" हे मला अजून दर महिन्याला ऐकवलं जातं.

पुस्तक मी तोवर दोनदा वाचलेलं होतं. तरी ही गत. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी नवीन येतं, माझ्यासारखंच गँडाल्फ-गँडाल्फ करतं, हिरमुसतं आणि पुढच्या वेळी येत नाही. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतेय.

खेळ अगदी साधा. जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतलं एक आडवळणाचं वाक्य कुणीतरी वाचून दाखवायचं आणि ते कुणाच्या तोंडचं आहे हे बाकीच्यांनी ओळखायचं. आम्ही आठ-नऊ जण महिन्यातल्या एका रविवारी सकाळी कोल्हापुरात शुक्रवार पेठेत एका वहिनींच्या माडीवर जमतो. घरचे लोक आम्हाला 'अंगठीवाले' म्हणतात. माझ्या आईनं एकदा शेजारच्या काकूंना "ती अंगठीच्या कामाला गेलीय" असं सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत माझं लग्न ठरलं होतं. गुजरीत कुठल्या सराफाकडं टाकली अंगठी, इथवर चौकशी झाली. असो.

सोबत काय काय लागतं

- कादंबरीचे तिन्ही खंड, परिशिष्टांसकट. इंग्रजी असो की मराठी अनुवाद, पण संक्षिप्त आवृत्ती नको.
- शिसपेन्सिल. पुस्तक दुसऱ्याचं असेल तर पानात घालायला कागदाच्या पट्ट्या.
- कार्डशीट. एका ए-फोर कागदाचे आठ तुकडे केले की चिठ्ठीचं माप बरोबर येतं.
- बॉलपेन. शाईचं पेन आणू नका, कारण खाली सांगते.
- एक वही. कुठलं वाक्य कुठून उचललं याची नोंद तिच्यात.
- घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा.

डब्याचं आणि बॉलपेनचं कारण हे, की आधी आम्ही तळमजल्यावर बसायचो आणि चिठ्ठ्या बुटाच्या खोक्यात ठेवायचो. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात शिरलं. माणसं, गॅस, धान्य आधी वर गेलं, ते बरोबरच झालं. खोका खालीच राहिला. पाणी ओसरल्यावर उघडला तर शाईनं लिहिलेल्या सव्वाशे चिठ्ठ्यांचा एकच निळा लगदा. बॉलपेनानं लिहिलेल्या तेवढ्या वाचता आल्या, त्या वहिनींनी तव्यावर पापडासारख्या शेकून वाळवल्या. त्या खरपूस चिठ्ठ्या अजून डावात आहेत. तेव्हापासून बैठक माडीवर.

१. पुस्तक दोनदा वाचा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन

पहिलं वाचन गोष्टीसाठी. त्यात काही शोधायला जाऊ नका. दुसऱ्या वाचनात मात्र अवतरणचिन्हांच्या आत काय चाललंय तिकडं लक्ष ठेवा.

कादंबरी १९५४ आणि १९५५ मध्ये तीन खंडांत आली, पण आतून ती सहा 'पुस्तकां'त विभागलेली आहे. एकूण प्रकरणं ६२. आवृत्तीनुसार पान क्रमांक बदलतात, त्यामुळं नोंद करताना पान लिहू नका. पुस्तक आणि प्रकरण लिहा. 'पुस्तक ३, प्रकरण ४' म्हटलं की कुणाच्याही प्रतीत ट्रीबिअर्ड या झाडासारख्या म्हाताऱ्याचं प्रकरणच उघडतं. मी पहिले सहा महिने पान क्रमांक लिहीत बसले आणि ते सगळं काम पुन्हा केलं.

१९३७चं 'द हॉबिट' आमच्या डावात चालत नाही. पहिल्या भेटीत हमखास कुणीतरी स्मॉग ड्रॅगनचं वाक्य घेऊन येतं. वाक्य छान असतं, पण पुस्तक दुसरं.

परिशिष्टं वगळू नका. वंशावळ्या पाठ करा असं मी म्हणत नाही, पण परिशिष्ट 'एफ'मध्ये भाषांविषयी जे लिहिलंय ते या खेळात इतकं उपयोगी पडतं, की त्याच्यासाठी खाली वेगळी जागा दिलीय.

२. सिनेमा घरी ठेवून या

नवख्यांचा सगळ्यात मोठा घात इथं होतो. २००१, २००२ आणि २००३ मध्ये आलेले तिन्ही सिनेमे आपण इतक्या वेळा पाहिलेले असतात, की वाक्य ऐकल्याबरोबर नटाचा चेहरा समोर येतो. पण सिनेमावाल्यांनी बरीच वाक्यं एकाच्या तोंडून काढून दुसऱ्याच्या तोंडी घातलीत. तीन ठिकाणं तरी ध्यानात ठेवा:

जग बदलतंय, ते पाण्यात जाणवतंय, मातीत जाणवतंय, अशा अर्थाचे शब्द सिनेमाच्या सुरुवातीला एल्फ या अमर लोकांतली गॅलाड्रिएल म्हणते. पुस्तकात ते ट्रीबिअर्डचे आहेत, आणि तेही अगदी शेवटाकडं, निरोपाच्या वेळी.

रात्री एकटी असताना राजाची भाची एओविन अंधाराशी काय बोलत असेल कुणास ठाऊक, हे सिनेमात राजाचा कपटी सल्लागार ग्रीमा तिच्या तोंडावर म्हणतो. पुस्तकात ते गँडाल्फ म्हणतो, तिच्या भावाला, एओमेरला, आणि ती बेशुद्ध पडलेली असताना. शब्द जवळपास तेच, पण एकाच्या तोंडी त्यात विखार आहे, दुसऱ्याच्या तोंडी कणव.

तिसरं तर कहर आहे. पांढरे किनारे आणि त्यापलीकडचा हिरवागार मुलूख हे वर्णन सिनेमात गँडाल्फ पिपिन या हॉबिटाला (हॉबिट म्हणजे बुटक्या, घरबशा लोकांची जमात) धीर देताना करतो. पुस्तकात ते कुणीच बोलत नाही! शेवटच्या प्रकरणात कादंबरीचा नायक हॉबिट फ्रोडो याच्या जहाजाबद्दल लेखकानंच केलेलं ते निवेदन आहे. हे वाक्य चिठ्ठीवर आणू नका. एकानं आणलं होतं, पाऊण तास वाद झाला आणि चहा दोनदा गार झाला.

३. पाठांतर सोडा, ढब ऐका

या लेखातला हा एक भाग वाचला आणि बाकीचा सोडला तरी चालेल.

रंकाळ्यावर संध्याकाळी बाकावर बसा. मागं चार माणसं बोलत असतील तर मान न वळवता तुम्हाला कळतं की हा तालमीतला, ही मास्तरीण, हा पुण्याहून सुट्टीला आलेला. त्यांचं एकही वाक्य तुम्ही पूर्वी ऐकलेलं नसतं. टोल्किनची माणसंही अशीच आवाजावरून ओळखू येतात, कारण तो स्वतः भाषेचा प्राध्यापक होता आणि त्यानं प्रत्येकाच्या तोंडात वेगळी भाषा घातलीय. कोण काय बोललं हे पाठ करायला गेलात तर ६२ प्रकरणं पुरी पडणार नाहीत. कोण कसं बोलतं हे एकदा कानात बसलं, की अनोळखी वाक्यही पकडता येतं.

काही ढबा मी माझ्या वहीतून देते.

गॉलम स्वतःला 'आम्ही' म्हणतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण कधी कधी तो 'मी' म्हणतो, आणि फ्रोडोच्या लक्षात येतं की तो 'मी' म्हणाला म्हणजे आतला जुना खरेपणा थोडा वेळ वर आलाय. म्हणून गॉलमचं 'मी'वालं वाक्य ही फार चांगली चिठ्ठी. भलेभले फसतात.

टॉम बॉम्बाडिल साधं बोलतानाही तालात बोलतो. वाक्य मूळ इंग्रजीत असेल तर मोठ्यानं वाचा आणि मांडीवर हात मारून बघा. ठेका धरता आला तर दुसरा कुणी असूच शकत नाही.

बटरबर, ब्रीच्या खानावळीचा मालक. वाक्याच्या मध्येच त्याचा धागा तुटतो, एक गोष्ट आठवायला गेला की दुसरी डोक्यातून निघून जाते. गँडाल्फनं फ्रोडोला पाठवायला दिलेलं पत्र तो महिनोन्‌महिने विसरला, त्यातून केवढं रामायण झालं. गिऱ्हाइकांच्या गर्दीत एकाच वेळी चौघांशी बोलणारा माणूस आठवा, म्हणजे हा येईल.

फ्रोडोचा नोकर सॅम दर चार वाक्यांनी आपल्या म्हाताऱ्या बापाचा दाखला देतो. यावर पुढं वेगळं लिहिलंय, कारण तिथंच भांडणं होतात.

ऑर्क, म्हणजे शत्रूकडचे राक्षसी शिपाई, म्हटलं की लोकांना नुसती डरकाळी अपेक्षित असते. प्रत्यक्षात शाग्रात आणि गोरबाग हे दोघे गप्पा मारतात त्या कंटाळलेल्या शिपायांसारख्या: वरच्या साहेबांना शिव्या, हुकमांची कुरकुर, आणि लढाई संपली की चार विश्वासू गडी घेऊन कुठंतरी लांब आपलं आपण राहू, अशी स्वप्नं. पुस्तक ४, प्रकरण १०. यातलं एक वाक्य मी एकदा वाचलं तर सहा जणांनी सॅमचं नाव लिहिलं.

आता परिशिष्ट 'एफ'. तिथं टोल्किन सांगतो की या लोकांच्या मूळ भाषेत आपल्यासारखाच 'तू' आणि 'तुम्ही' असा फरक होता. पण शायर या आपल्या मुलखातल्या हॉबिटांच्या रोजच्या बोलण्यातून मानाचं रूप जवळपास गेलेलं होतं. त्यामुळं पिपिन गोंडोरला गेल्यावर सगळ्यांशी, अगदी राज्याचा कारभारी डेनेथॉर याच्याशीसुद्धा, एकेरीतच बोलला. म्हाताऱ्याला गंमत वाटली, नोकरचाकर मात्र हबकले, आणि हा कुणीतरी बडा राजपुत्र असणार असा बोलबाला झाला. इंग्रजीत 'यू' एकच, त्यामुळं हा सगळा मामला पुस्तकात दिसतच नाही.

हे मी माडीवर वाचून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "म्हंजे पिपिन आपल्या कोल्हापूरचाच की!" खरंच आहे. पाहुणा कितीही मोठा असो, 'काय रे, कवा आलास' म्हणणारं गाव आहे हे. पुण्याच्या माणसाला तो अपमान वाटतो, आम्हाला तो पाहुणचार. तर हॉबिटाचं वाक्य मराठीत आणताना एकेरी ठेवा, आणि राजाशी कुणी एकेरीत बोलतंय असं ऐकू आलं तर आधी हॉबिट आठवा.

४. चिठ्ठीसाठी वाक्य निवडणं

आठ ते वीस शब्द. त्याहून कमी असलं तर अंदाजपंचे, जास्त असलं तर ऐकणारे विसरतात. वाक्यात माणसाचं किंवा गावाचं नाव नको, हाक मारलेली नको. 'फ्रोडोसाहेब' असं संबोधन आलं की सॅम झाला उघडा.

चांगली चिठ्ठी ती, जिच्यावर पहिलं नाव मनात येतं ते चुकीचं असतं, पण उत्तर कळल्यावर 'अरे हो की' असं वाटतं. नुसती अवघड चिठ्ठी काढायला अक्कल लागत नाही. असे काही नमुने:

अंधार दाटल्यावर जो साथ सोडतो तो बेइमान, या अर्थाचं वाक्य. सगळे वनवासी राजा ॲरागॉर्नचं नाव लिहितात. ते आहे गिम्ली या ड्वार्फचं, एल्फांचा सरदार एल्रॉन्ड याला उद्देशून.

जादूगारांच्या भानगडीत पडू नये, ते लवकर तापतात. हे गँडाल्फ स्वतःबद्दल म्हणाला असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. म्हणालाय गिल्डॉर हा एल्फ. त्यावर फ्रोडो लगेच उलट टोला देतो, की एल्फांकडं सल्ला मागायला जाऊ नये, ते हो पण म्हणतात आणि नाही पण. हे दुसरं वाक्य तर आणखी चांगलं, कारण इतकं चलाख बोलणं फ्रोडोच्या नावावर लिहायला कुणाचा हात धजत नाही.

जवळची वाट धरली की उशीर जास्त होतो. म्हातारं, शहाणं वाक्य वाटतं ना? ते पिपिनचं आहे, आणि त्यामागं शहाणपण कसलं आलंय. नेहमीच्या रस्त्यावर चांगली बिअर मिळणारी खानावळ होती, ती चुकत होती म्हणून.

म्हाताऱ्या जादूगाराच्या हातातली काठी म्हणजे नुसता टेकायचा आधार नसू शकतो, हे ओळखणारा दरवान हामा. राजाचे हात ते वैद्याचे हात, ही जुनी म्हण आठवणारी आयोरेथ, शुश्रूषागृहातली म्हातारी बाई, आपल्याकडं बाळंतिणीपाशी बसणाऱ्या आजीसारखी अखंड बोलणारी. अशी दोन-चार पानांपुरती येऊन जाणारी माणसं हीच खरी खाण.

आणि कोल्हा. पुस्तक १, प्रकरण ३. फ्रोडो, सॅम, पिपिन रानात उघड्यावर झोपलेत, एक कोल्हा आपल्या कामानं चाललेला असतो. तो थबकतो, हुंगतो आणि मनाशी म्हणतो, की हॉबिट घराबाहेर झाडाखाली झोपलेत, यामागं काहीतरी विचित्र आहे. लेखक म्हणतो त्याचं बरोबर होतं, पण पुढं त्याला कधीच काही कळलं नाही. एवढ्या मोठ्या कादंबरीत हा कोल्हा एकदाच डोकावतो आणि जातो. 'मनाशी म्हणाला' हे 'म्हणाला'त धरायचं का, यावर आमच्यात मतदान झालं. धरायचं, असं ठरलं. पाच विरुद्ध तीन, आणि मी त्या तिनांत होते.

५. मराठीत आणताना जपून

आम्ही चिठ्ठीवर पुढच्या बाजूला आपण केलेलं मराठी लिहितो आणि मागं मूळ वाक्य, पुस्तक, प्रकरण, उत्तर. मराठी करताना दोन खड्डे आहेत.

पहिला लिंगाचा. इंग्रजी क्रियापद बाई-पुरुष दाखवत नाही, मराठी लगेच चुगली करतं. 'मी जाते' लिहिलंत की शंभर पात्रांतून तीन-चारच उरतात. उपाय असा, की वाक्य भविष्यकाळात असेल तर काही करावं लागत नाही, 'मी जाईन' दोघांनाही चालतं. 'मी पाहिलं', 'मी ऐकलं' हेही सुरक्षित. 'मला वाटतं', 'मला हवं' सुरक्षित. धोका आहे तो 'जातो-जाते' आणि 'गेलो-गेले' या रूपांत. तिथं वाक्य फिरवून लिहा, नाहीतर दुसरं निवडा.

पण कोल्हापुरात यालाही फाटा फुटतो. इथं बायका सर्रास 'मी आलो', 'मी जातो' असं बोलतात. मी हा लेख लिहितेय म्हणून 'लिहिते' म्हणतेय. घरात विचाराल तर 'थांब, लिहितो हाय' असंच तोंडातून येईल. झालं असं, की आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळेच बाई म्हणतात, त्यांनी चिठ्ठी आणली. मेरी या हॉबिट पोराला सगळे मागं ठेवून निघालेत आणि एक अनोळखी स्वार त्याला सांगतो, की तुला मी माझ्यापुढं घोड्यावर बसवून नेईन. बाईंनी वाचलं: "चल, तुला मी पुढ्यात बसवून नेतो."

पुण्याहून आलेल्या पाहुणीनं पटकन लिहिलं, एओमेर. बाईंनी चिठ्ठी उलटली. एओविन. डर्नहेल्म नावानं पुरुषवेशात लढाईला निघालेली एओविन.

"अहो, पण तुम्ही 'नेतो' म्हणालात!"

"मग? मी पण 'नेतो'च म्हणतो की."

पाहुणी बघतच राहिली. पुस्तकातसुद्धा त्या क्षणी तो स्वार पुरुष आहे असंच वाचणाऱ्याला वाटावं अशी लेखकाची योजना आहे, त्यामुळं बाईंचं कोल्हापुरी 'नेतो' तिथं कुठल्याही प्रमाण मराठीपेक्षा फिट्ट बसलं. गुण मात्र कुणालाच दिले नाहीत. आता नियम आहे: चिठ्ठीवर प्रमाण रूप, बोलताना काय बोलायचं ते बोला.

दुसरा खड्डा 'आम्ही'चा. गॉलमचं 'आम्ही' मराठीत जसंच्या तसं ठेवलं की तो एकदम महाराज होतो. 'आम्हाला भूक लागलीय' हे ऐकून एका नवख्यानं राजा थेओडेनचं नाव लिहिलं, आणि त्याची काही चूक नव्हती. अशा वेळी वाक्यात एखादी लाडीगोडी, एखादी धुसफूस राहू द्या.

६. तोंड एकाचं, शब्द दुसऱ्याचे

नव्वद टक्के भांडणं इथं होतात (हा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही). या कादंबरीत माणसं सारखी दुसऱ्याचं बोलणं सांगतात. एल्रॉन्डच्या दरबारातलं प्रकरण, पुस्तक २, प्रकरण २, उघडून बघा: गँडाल्फ इसिल्डुरचं लिखाण वाचून दाखवतो, ग्लोइन शत्रू सॉरॉनच्या दूताचं बोलणं सांगतो, बोरोमिर स्वप्नातला आवाज ऐकवतो. अवतरणात अवतरण, त्यात आणखी अवतरण.

सॅम गॅलाड्रिएलच्या मुलखात म्हणतो, की जे काम सुरूच होत नाही तेच संपायला सगळ्यात जास्त वेळ घेतं. आणि लगेच जोडतो, असं आमचा म्हातारा म्हणायचा. मग उत्तर सॅम की म्हातारा?

सॉरॉनचं तर विचारूच नका. ज्याच्या भीतीनं सगळी कादंबरी चालते, तो खुद्द समोर येऊन बोलतच नाही. तो पिपिनशी दूरचं दाखवणाऱ्या जादूच्या गोळ्यातून काय बोलला ते आपल्याला पिपिन सांगतो, थरथरत, गँडाल्फला.

यावर आमचा तोडगा असा. वाचणाऱ्यानं आधीच जाहीर करायचं, 'दुहेरी चिठ्ठी आहे'. मग ऐकणाऱ्यांनी दोन नावं लिहायची, तोंड आणि शब्द. दोन्ही बरोबर आली तर तीन गुण, एकच आलं तर एक.

कवितांना आम्ही सध्या मनाई केलीय. भटकणारे सगळेच वाट चुकलेले नसतात, ही जगभर टी-शर्टावर छापली जाणारी ओळ घ्या. ती गँडाल्फच्या पत्रात लिहिलेली आहे, ते पत्र बटरबरच्या खिशातून निघतं, वाचतो फ्रोडो, ती आहे ॲरागॉर्नबद्दल, आणि पुढं दरबारात फ्रोडोचा म्हातारा नातलग बिल्बो हळूच सांगतो की ती मीच रचलीय. एका ओळीला पाच दावेदार. अशानं जेवायला घरी कोण जाणार?

७. प्रत्यक्ष डाव

वाचणारा वाक्य दोनदा वाचतो, आवाज सपाट ठेवून. नाटकी वाचन नको. गॉलमसारखा घसा काढलात की संपलं. ऐकणाऱ्यांना एक मिनिट. उत्तर कागदावर लिहायचं, ओरडायचं नाही. नाव बरोबर आलं तर दोन गुण. नाव चुकलं पण हॉबिट, एल्फ, ड्वार्फ, माणूस, ऑर्क हे तरी बरोबर आलं तर एक. सगळ्यांनाच आलं किंवा कुणालाच आलं नाही, तर वाचणाऱ्याचा एक गुण जातो. या शेवटच्या नियमामुळं फार सोप्या आणि फार दुष्ट चिठ्ठ्या आपोआप बंद झाल्या.

फोन पालथे. एकानं टेबलाखाली शोधून उत्तर दिलं होतं. पकडला गेला तो यामुळं, की त्याला ते सिनेमातल्या पात्राच्या नावानं सापडलं होतं. त्या महिन्याची मिसळ त्याच्याकडून.

वाद झाला तर पंचाचं ऐकायचं. पंच दर वेळी बदलतो आणि तो त्या दिवशी खेळत नाही. पंचापुढं पुस्तक उघडून दाखवायचं, 'मला पक्कं आठवतंय' हा पुरावा धरत नाही.

८. पहिल्या रविवारी येताना

दहाला या. साडेनऊला आलात तर वहिनी पोहे करायला लावतील. पाच चिठ्ठ्या आणा, त्यापेक्षा जास्त नको, आणि त्यांत किमान एक छोट्या पात्राची असू दे. पहिल्या दिवशी गुणांचं मनावर घेऊ नका. माझे दोनच होते, तेही गॉलमचे. गँडाल्फचं नाव लिहायचा मोह झाला तर आधी स्वतःला विचारा, की एवढं शहाणपण एखाद्या हॉबिटाला भुकेपोटी सुचलं असेल का.

जिना अरुंद आहे, वरच्या पायरीला डोकं सांभाळा. आणि कोल्ह्याची चिठ्ठी आणू नका. ती आता सगळ्यांना पाठ आहे.